उजव्या हाताची कैची

सकाळी ५:५०

चूल नाही, गॅस आहे. तरी चहाची पाळी काकांचीच. बायको पऱ्ह्याला पाणी बघायला धुऱ्यावर गेली आहे. जूनचा शेवटचा आठवडा. दोन सरी पडून गेल्या, ढग मात्र अजून नुसते फिरतात.

दुधाच्या पातेल्याला एकच चोच आहे आणि ती डावीकडे. दांडा उजव्या हातात धरला की धार सरळ कपात पडते. काका दांडा डाव्या हातात धरतात, मग चोच नको त्या बाजूला जाते. बिनचोचीच्या काठावरून ओतलं की थोडं दूध बाहेर ओघळतंच. ओट्यावर त्यासाठी एक फडकं कायम पडलेलं असतं. त्याबद्दल घरात कोणी काही बोलत नाही. इतक्या वर्षांत ते फडकंही भांड्यांतलंच झालं आहे.

भाजी चिरायला विळी. विळीला कुठल्या हाताची फारशी पडलेली नाही. पाटावर कोणता पाय रोवायचा, एवढाच प्रश्न. वांगी दोन मिनिटांत चिरून होतात. सुरी असती तर जास्त वेळ लागला असता, असं काका म्हणतात. मला ते पटलं नाही, पण सकाळी सकाळी वाद कशाला.

सकाळी ८:३०

नागपूरहून भंडाऱ्याकडे जाताना महामार्गावर ठाणा पेट्रोल पंप लागतो. गावाचं नावच आता तसं पडलं आहे. तिथून आत जवाहरनगर. १९६४ साली इथे आयुध निर्माणी आली. बारूद आणि स्फोटकं बनवणारा कारखाना, भोवती क्वार्टर, शाळा, झाडांचे सरळ रस्ते. कॉलनीच्या कुंपणाबाहेर जी दुकानं वाढली, त्यांतलंच एक काकांचं टेलरिंगचं. दहा बाय बारा. भाडं महिन्याला तीन हजार.

शटर वर जातं. अगरबत्ती लागते. मशीनला तेल. टेबलावर झटका.

दुकानात शिरणाऱ्याला पहिली दिसते ती काकांची पाठ. नवं गिऱ्हाईक जरा बिचकतं. बाकीच्या टेलरांचं टेबल दाराकडे तोंड करून असतं, माणूस आला की मान वर करून "या" म्हणता येतं. पण या गाळ्याची एकुलती खिडकी अशा भिंतीत आहे की दाराकडे तोंड केलं तर उजेड डावीकडून येतो. उजव्या हाताने कापणाऱ्याला तो बरा, हाताची सावली रेघेवर पडत नाही. काका डाव्या हाताने कापतात. त्यांना उजेड उजवीकडून लागतो. म्हणून टेबल फिरवलं आणि रस्त्याकडे पाठ केली. कोण आलं ते कळायला समोरच्या भिंतीवर आरसा टांगला. ट्रायलला आलेले लोकही त्यातच बघतात.

सकाळी ९:००

मदतनीस पोरगी येते. बारावी झालेली, जवळच्याच गावची. रोजी २२०. तुरपाई, हूक, बटणं, इस्त्रीआधीची झाडझूड, आणि हल्ली सरळ शिलाया.

"उशीर झाला जी काका. बहिणीला क्लासला सोडून आली."

धाकटी बहीण शिवण क्लासला जाते. तीही डावखुरी. क्लासमधल्या बाई सांगतात, आधी उजव्या हाताने धरायला शिक, मग पुढचं. धाकटीने आतापर्यंत दोन पोलक्यांचं कापड वाया घालवलं.

"कैची कोणती देते ते?" काका विचारतात.

"साधीच. सगळ्यांची असते ते."

काका "हं" म्हणतात आणि खडूला टोक काढायला घेतात.

सकाळी ९:२०

बोहनी. कॉलनीतली एक आई आणि तिचा सहावीतला मुलगा. केंद्रीय विद्यालयाचा गणवेश, चौकड्यांचा शर्ट आणि करडी पँट. विदर्भात उन्हामुळे शाळा उशिरा उघडतात. त्यामुळे पुण्या-मुंबईकडचे टेलर मोकळे होतात तेव्हा इथली घाई सुरू होते.

माप. उजवा टेलर टेपचं शून्य डाव्या हाताने खांद्यावर दाबतो आणि उजवा हात खाली सोडतो. आकडे सरळ वाचता येतात. काकांचं शून्य उजव्या हातात असतं, टेप डावीकडे जातो. आकडे उलटे, डोक्यावर उभे. नवखे असताना त्यांनी ६चा ९ वाचून एका माणसाच्या बाहीची वाट लावली होती. आता उलटे आकडेच सरळ वाटतात. उजवीकडून मोजणारा टेप वापरून बघा असं मी सुचवलं. ते हसले. तीस वर्षांपूर्वी हे कोणी सांगितलं असतं तर केलं असतं.

"छाती २८. शोल्डर साडेबारा. बाही ७."

मापं लिहिताना मात्र पेन उजव्या हातात. शाळेत गुरुजींनी पट्टीने हात बदलवला. जेवणही उजव्याने, ते घरात बदलवलं. तिथून पुढे कोणी लक्ष दिलं नाही, म्हणून बाकीचं सगळं डावंच राहिलं. सचिन तेंडुलकर लिहितो डाव्याने आणि बॅट-बॉल उजव्याने. काका त्याच्या बरोब्बर उलटे. अर्थात पैशाचा फरक आहे.

आई ३०० रुपये ॲडव्हान्स देते. काका ते उजव्या हाताने घेतात, कपाळाला लावतात. बोहनी डाव्या हाताने घेतली आणि गिऱ्हाईक तसंच नोटा परत पर्समध्ये टाकून निघून गेलं, असं एकदा झालं आहे.

सकाळी १०:००

कटिंग. दिवसातलं जड काम हेच.

चौकड्यांचं कापड टेबलावर पसरलं जातं. साध्या पांढऱ्या कापडात चूक लपते. चौकडीत लपत नाही. खिशाची रेघ छातीच्या रेघेला मिळाली पाहिजे, पुढच्या दोन्ही बाजू पट्टीपाशी जुळल्या पाहिजेत. एक सूत सरकलं तरी प्रार्थनेला उभ्या असलेल्या रांगेत तो शर्ट ओळखू येतो.

फर्मा ठेवला. खडू फिरला. आता कैची.

कैची मेरठची आहे. पितळी मुठी, लोखंडी पाती, दहा इंची. मेरठमध्ये ही कामं तीनशेहून जास्त वर्षं चालत आली आहेत. मोटारींच्या जुन्या भंगारातून, स्प्रिंगांच्या पट्ट्यांतून तिथे पाती घडवतात. कैची मजबूत आहे, पिढी जाते तरी टिकते. पण उजव्या हाताची आहे.

हे समजायला कैची हातात घेऊनच बघावी लागते. काकांनी मला घ्यायला लावली. दोन पाती कापतात ती एकमेकांना घासून. उजव्या हाताची मूठ आवळली की अंगठा नकळत बाहेर ढकलतो, बोटं आत ओढतात, आणि त्या ओढाताणीत पाती एकमेकांवर दाबली जातात. हे कोणी शिकवत नाही, हाताच्या बांधणीतच आहे. तीच कैची डाव्या हातात दिली की तीच ओढाताण पाती एकमेकांपासून दूर करते. फट पडते. कापड कापलं जात नाही, दोन पात्यांच्या मध्ये दुमडून बसतं. माझ्या डाव्या हातात तसंच झालं. चिंधी चावून बाहेर आली.

काका तीच कैची डाव्या हातात घेतात आणि कापड सरसर कापतात. कसं? अंगठा आत ओढायचा, बोटं बाहेर ढकलायची. प्रत्येक कापाला, मूठ मिटता मिटता, हाताला जे सहज येतं त्याच्या उलट. शिवाय पेच जास्त आवळून ठेवायचा, म्हणजे पाती सुटणार नाहीत. आवळलेल्या पेचाची कैची जड चालते. अंगठ्याच्या बुडाशी जिथे मुठीची तिरकी कड लागते तिथे वाटाण्याएवढा घट्टा आहे. मुठीला पोलक्याच्या अस्तराची पट्टी गुंडाळली आहे. ती दर महिन्या-दीड महिन्याला बदलते.

दुसरी अडचण डोळ्यांची. कैचीचं वरचं पातं उजवीकडे असतं. उजवा कटर डावीकडून बघतो, रेघ आणि पातं दोन्ही दिसतात. काकांच्या डाव्या हातातल्या कैचीचं वरचं पातं बरोबर रेघेवर आडवं येतं. मग मान कैचीच्या पलीकडे टाकायची, डावीकडे. मुंढ्याच्या गोलाईवर तर खांदाही झुकतो. शर्टामागे चार-पाच मिनिटं जास्त जातात. रेघेबाहेर दोरा-दोन दोरे कापड जास्त सोडलं जातं, नंतर ते छाटावं लागतं. दिवसाला आठ शर्ट कापले तर अर्धा तास तिथे गेला. तो कुठल्या बिलात लागत नाही.

कोणी पाहणारा असला तर विचारतोच. "काका, उलटं कापता का जी?"

"तुले उलटं दिसून रायलं. शर्ट घालशील तं सरळच दिसन."

सकाळी ११:४०

धारवाला. सायकल स्टँडवर उभी करतो, पायडल मारतो, दगड फिरतो. मोठी कैची ६० रुपये. पूर्वी महिन्यातून दोनदा यायचा, आता एकदा.

तो कैची उजेडात धरून पात्यांवरून नख फिरवतो. टेलरांच्या सगळ्या कैच्या त्याला सारख्याच. ही मात्र तो पिशवीत हात घालूनही ओळखेल. बाकीच्यांची धार टोकाकडे बसते. या कैचीची आतली अंगं पेचापाशी घासलेली असतात.

"पेच किती आवळता हो? थोडा ढिला ठेवा, वर्षं वाढतील तिची."

"तिची वाढतील. माझे शर्ट कोण कापन?"

धारवाला हसत पेच पुन्हा होता तसा आवळून देतो. त्याच्या दगडाचा पट्टा, मूठ, पाण्याचा डबा, सगळं उजवीकडे आहे. काकांचं तिकडे लक्ष गेलेलं मला दिसलं. ते काही बोलले नाहीत.

दुपारी १:१०

वीज गेली. डबे उघडले. पोळी, वांगं, भात. पोरीच्या डब्यात आंबिल आणि लोणचं.

बोलणं गणवेशावर येतं. २०२४ साली सरकारने जिल्हा परिषद शाळांच्या गणवेशाची शिलाई बचत गटांकडे दिली, सगळ्या राज्याला एकच कापड. मुलांना कपडे उशिरा मिळाले. पुढच्या वर्षी ते काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आलं. काकांकडे एका शाळेचे चाळीस ड्रेस यायचे, ते त्या वर्षी आले नाहीत. नंतरही सगळे परत आले नाहीत.

"कोणाच्या हातात गेलं काय माहीत," पोरगी म्हणते.

"उजव्याच्या," काका म्हणतात आणि ताक पितात.

दुपारी १:५०

वीज आली. मोटारीवरची जुकी घुं करते.

इथे मला वाटलं होतं की पुन्हा तेच रडगाणं ऐकायला मिळेल. मशीनचं डोकं उजवीकडे, चाक उजवीकडे, सगळं उजवीकडे. पण काका खुर्चीत बसले आणि माणूसच बदलला. खांदे खाली आले, मान सरळ झाली.

"हे मशीन बनवणारा डेबरा असन," ते म्हणतात. डेबरा म्हणजे डावखुरा.

बघत राहिलं की खरं वाटायला लागतं. कापडाचा सगळा पसारा सुईच्या डावीकडे. सुईपाशी जे बारीक वळवणं, खेचणं, सरकवणं आहे, ते डाव्या हाताचं. उजवा हात मागे राहून कापडाला फक्त वाट दाखवतो, क्वचित चाकाला टेकतो. बॉबिनची डबी डावीकडून खाली घालायची, डाव्या हाताने. जुकीच्या सुईत दोरा डावीकडून उजवीकडे ओवायचा, तोही डाव्या हाताला सोपा. उजवी माणसं मशीनवर रोज डाव्या हाताचं काम करतात आणि त्यांना ते जाणवतही नाही. लहानपणापासून कोणी त्यांच्या हातावर पट्टी मारली नाही, म्हणून असेल.

कॉलर. आत बकरम, वरून एक शिलाई, उलटवून टोक काढायचं, पुन्हा कडेची शिलाई. कॉलरच्या टोकाशी सुई कापडात रोवून, दाब उचलून, डाव्या हाताच्या दोन बोटांनी कापड काटकोनात फिरतं. शिलाई तुटत नाही. उजवा गुडघा दाबाचा दांडा उचलतो. दोन्ही टोकं सारखी. कॉलनीतले काही लोक कॉलरसाठी म्हणून इथे येतात, नागपूरला न जाता.

बाही लावणं हे त्याहून अवघड. मुंढ्याची गोलाई मोठी, बाहीची त्याहून थोडी मोठी, ती जास्तीची लांबी चुणी न पडता खाऊन टाकायची. डावं बोट एक-एक सूत आत ढकलत जातं. या कामात काकांची बरोबरी करणारा हात या रस्त्यावर नाही. हे त्यांनी सांगितलं नाही, समोरच्या दुकानातल्या टेलरने सांगितलं. तो उजवा आहे.

तास-दीड तासात तीन शर्ट उभे राहतात. सकाळी कैचीने खाल्लेला अर्धा तास इथे बराचसा भरून निघतो.

दुपारी ३:३०

चहा. चार कप, चाळीस रुपये. ट्रक गॅरेजमधला म्हातारा मेकॅनिक येऊन बाकड्यावर बसतो. तोही डेबरा. दोघांची दोस्ती त्यावरूनच झाली.

मेकॅनिकचं म्हणणं असं, की डावखुऱ्याला गॅरेजात मान असतो, पण अर्धाच. पेच आवळायचा घड्याळाच्या काट्यासारखा. मनगट बाहेरच्या बाजूला वळवताना दंडाचा जोर लागतो, आणि उजव्या हाताचं बाहेर वळणं म्हणजे आवळणं. डाव्या हाताचं बाहेर वळणं म्हणजे सोडवणं. तेव्हा आवळायला उजवा बरा. गंजून बसलेला पेच सोडवायचा असला की पोरं याला हाक मारायची.

"आवळायचे पैसे मिस्त्रीला. ढिला करायचा चहा मला."

मी मोबाइलवर वाचून दाखवतो. जगात दहातला एक माणूस डावखुरा. १३ ऑगस्ट हा डावखुऱ्यांचा दिवस, १९७६पासून. लंडनमध्ये १९६८ साली फक्त डावखुऱ्यांच्या वस्तूंचं दुकान निघालं होतं. कैच्या, सुऱ्या, डबे उघडायची चावी, पट्ट्या. जपानमध्ये धान कापायचे विळेसुद्धा डाव्या हाताचे वेगळे मिळतात, कारण पात्याला धार एकाच अंगाने असते.

विळ्याचं ऐकून मेकॅनिक सरसावतो. त्याची बायको धान कापायला जायची. तीही त्याच्यासारखीच. दातेरी विळ्याचे दाते एकाच अंगाने कोरलेले. डाव्या हातात तो विळा धानात सरळ शिरत नाही, वर चढतो. बांधीत बायका ओळीने कापत जातात तेव्हा तिला कायम डाव्या टोकाला ठेवायचे, शेजारणीच्या हाताला लागू नये म्हणून. कडपाही तिची उलट्या अंगाला पडायची. भारे बांधणारा शिव्या घालायचा. शेवटी गावच्या लोहाराकडून साधा विळा दुसऱ्या अंगाने पाजवून घेतला. तेव्हाचे पाच रुपये.

काका अजून लंडनमध्येच आहेत.

"त्या दुकानाचं भाडं किती होतं?"

ते मोबाइलमध्ये नव्हतं.

दुपारी ४:२०

पाऊस येतो. गिऱ्हाईक नाही. काका टेबलाचा खण उघडतात आणि प्लास्टिकच्या वेष्टनातली एक कैची काढतात. काळी मूठ, चकचकीत पाती. डाव्या हाताची. खरोखर डाव्या हाताची. वरचं पातं डावीकडे, मुठीची कड उलट्या अंगाने घासलेली. नागपूरला नोकरी करणाऱ्या मुलाने दोन वर्षांपूर्वी ऑनलाइन मागवली. १,४५० रुपये.

"मग वापरत का नाही?"

ते उत्तर देत नाहीत. एक चिंधी घेतात आणि कापून दाखवतात. चिंधी पात्यांत दुमडते. पुन्हा कापतात. पुन्हा दुमडते.

मला कळायला वेळ लागला. पस्तीस वर्षं त्यांचा डावा अंगठा आत ओढतो आहे आणि बोटं बाहेर ढकलताहेत. उजव्या कैचीला ते लागतं. डाव्या कैचीला ते नको आहे. तिथे हात मोकळा सोडला तर कैची आपोआप कापते, आणि हात मोकळा सोडणं हेच आता त्यांना जमत नाही. ती कैची आली तेव्हा त्यांनी आठवडाभर प्रयत्न केला. एका सफारीचा पाठीचा भाग तिरका गेला. कापड गिऱ्हाइकाचं, भरपाई ६८० रुपये. त्या दिवशी कैची खणात गेली.

पोरगी हात पुढे करते. "मी पाहू का जी?"

ती उजव्या हातात घेते. चिंधीवर चालवते. चावते. परत चालवते. परत चावते.

"हिला धारच नाही काका!"

"धार आहे. कोरी आहे ते."

"मग कापत काहून नाही?"

काका मेरठवाली कैची तिच्याकडे सरकवतात. "रोज मी अशीनच कापतो."

ती दोन्ही कैच्यांकडे बघते, मग पुन्हा एकदा काळ्या मुठीची हातात घेते, या वेळी डाव्या हातात. तिचा डावा हात काही शिकलेला नाही, वाकडातिकडा चालतो. पण चिंधी कापली जाते.

संध्याकाळी ५:३०

कारखाना सुटतो. रस्ता दुचाकींनी भरतो. २४ जानेवारी २०२५च्या सकाळी आत स्फोट झाला होता, माणसं गेली होती. आवाज इथवर आला होता. तेव्हापासून काका आरशातून या गर्दीकडे जरा जास्त वेळ बघतात. मग मापाचं बुक उघडतात, कारण हीच गिऱ्हाइकांची वेळ.

एकाला पँटची कंबर दीड इंच वाढवून हवी आहे. ६० रुपये. एकाला चेन बदलून हवी, ४०. एकाचा शर्ट तयार आहे. तो घालून बघतो, आरशासमोर हात वर-खाली करतो. पुरुषांच्या शर्टाची बटणं उजव्या बाजूला आणि काजं डाव्या पट्टीवर असतात. बटण उजव्या हाताने धरून आत सारायचं. काका स्वतःचा शर्ट शिवतात तेव्हा पट्टी उलटी लावतात, बायकांच्या शर्टासारखी. कोणाच्या लक्षात येत नाही. माझ्याही आलं नव्हतं, त्यांनीच दाखवलं.

"उद्या मिळेल ना काका? साक्षगंध आहे मेहुण्याचं."

"परवा."

"उद्या संध्याकाळी?"

"परवा सकाळी. नऊला."

सौदा ठरतो.

संध्याकाळी ७:००

काजं करायला दिलेले शर्ट परत येतात. काज-बटणाचं काम गल्लीतली एक बाई घरी करते, शर्टाला १५ रुपये.

इस्त्री. विजेची, वजनी. प्लग भिंतीवर उजवीकडे आहे, वायर उजवीकडून येते. डाव्या हातातल्या इस्त्रीपर्यंत पोचताना ती गरम शर्टावरून ओढली जाते आणि नुकत्याच बसवलेल्या घडीवर पुन्हा सुरकुती पाडते. काकांनी छताच्या हुकाला सुतळी बांधून वायर वर टांगली आहे. नवा बोर्ड डाव्या भिंतीवर घ्यायला इलेक्ट्रिशियन ४५० मागतो. सुतळी घरात होती.

बाही, कॉलर, पाठ, पुढचे दोन भाग. घडी. कागद. टाचणी.

रात्री ८:३०

हिशेब. पेन उजव्या हातात.

चार शर्ट, अडीचशेप्रमाणे १,०००. तीन पँट, साडेतीनशेप्रमाणे १,०५०. किरकोळ १००. एकूण २,१५०. त्यातून पोरीची रोजी २२०, काज-बटण ६०, धार ६०, दोरा ५०, चहा ४०, भाड्याचे आजचे १००, विजेचे अंदाजे ३५. उरले १,५८५. एक पँट उधार गेली, ३५०. हातात १,२३५. सकाळचा ॲडव्हान्स वेगळ्या डबीत, तो अजून आपला नाही.

हे जूनचं. रोवणी लागली की गावं शेतात असतात, ऑगस्टमध्ये काही दिवस नुसते झिपर बदलण्यात जातात.

पोरगी चप्पल घालते, पण निघत नाही.

"काका, ते कैची विकता का?"

"कोणासाठी?"

"बहिणीसाठी. दिवसभर खणातच तं आहे तुमची."

काका चष्मा काढतात. "साडेचौदाशेची आहे."

"जुनी आहे ना आता."

"वापरली नाही."

"सफारी कापली तुम्ही तिनं."

ते क्षणभर थांबतात. "आठशे."

"सहाशे देते. पन्नास-पन्नास करून, शनिवारी रोजीतून कापा."

"साडेसहाशे. आन् पेच तिले आवळू देऊ नको. हात मोकळा ठेवायचा सांग. क्लासची बाई काही म्हणो."

"साडेसहाशे," पोरगी म्हणते. "तेरा शनिवार."

काका मापाच्या बुकाचं शेवटचं पान उघडतात, तारीख घालतात आणि खाली लिहितात: कैची, ६५०. बाकी ६५०.